व्लादिवोस्तोकला गेलेला डबा

शनिवार, ११ सप्टेंबर १९९३
रिकार्टन, क्राइस्टचर्च

आजपासून रोज लिहायचं. धंदा काढणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात असं कुशलचं म्हणणं, आणि तो भागीदार असल्याने ऐकणं भाग आहे. उद्या मी फार मोठा माणूस झालो तर चरित्र लिहिणाऱ्याची सोय व्हावी म्हणून आधी थोडी माहिती. मी शिरीष, वय तीस, मूळचा पुण्याचा, इथे हॉस्पिटलात फार्मासिस्ट. बायको देवयानी. मुलगी सलोनी, जी रांगते आणि सापडेल ते तोंडात घालते. कुशल त्याच हॉस्पिटलात नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी गाडीखाली आडवा सापडतो.

धंदा असा. लिटलटनच्या बंदरात रशियन बोटी येतात. खलाशांना इथल्या जुन्या लाडा गाड्या हव्या असतात. काही वर्षांपूर्वी इथलं लोणी तिकडे गेलं आणि त्या बदल्यात या गाड्या इकडे आल्या. इथे आता त्यांना कुत्रं विचारत नाही, पण खलाशी त्या डेकवर बांधून घरी नेतात. आम्ही त्या गाड्या लोकांच्या गराजमधून शोधायच्या, कुशलने चालत्या करायच्या, मी विकायच्या. अडचण एकच. खलाशांना इंग्रजी येत नाही.

पण रशियन आमच्या घरात आहे! आशालता मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. ही नऊ वर्षं मॉस्कोत एका प्रकाशनगृहात रशियन पुस्तकांचं मराठी करायची. ७९ साली परत आली, मग पुण्यात रशियन शिकवलं, लग्न केलं नाही. नातेवाइकांचं वाक्य ठरलेलं: आशाने पक्षाशी लग्न लावलं. मे महिन्यापासून ती सलोनीसाठी आमच्याकडे आहे आणि आता तिने कायमचंच इथे राहावं असा माझा बेत आहे. देवयानी फेब्रुवारीत कामावर रुजू होईल. मावशीचा व्हिसा पुढच्या मेअखेरपर्यंत आहे. कायमच्या वास्तव्याचा अर्ज मी भरून ठेवलाय, फक्त तिची मेडिकल राहिली आहे. मेडिकलचा विषय काढला की तिला नेमकं काहीतरी काम आठवतं.

आज विचारलं, "मावशी, बंदरावर दुभाषी म्हणून येशील?" ती फ्लॉवर चिरत होती.

"कुठल्या बंदरातल्या बोटी येतात?"

"रशियातल्या."

"रशिया केवढा आहे, शिऱ्या! कुठल्या बंदरातल्या?"

मला काय माहीत! "येते," म्हणाली आणि उठून साडी बदलायला गेली. अगं, आज नाही, पुढच्या रविवारी, असं मला ओरडून सांगावं लागलं.

रविवार, १९ सप्टेंबर

विकली! पहिली लाडा विकली! मोहरीच्या रंगाची, एक दार हिरवं. कुशल तिच्या बॉनेटवर हात फिरवत होता, मुलगी सासरी निघाल्यासारखा.

श्रेय सगळं मावशीचं. साडीवर कुशलचं चेक्सचं जाडजूड लोकरी जॅकेट चढवून ती धक्क्यावर उभी राहिली आणि तोंड उघडलं मात्र, खलाशी भोवती जमा. वडिलांचं नाव विचारून त्यांनी तिला "आशा विष्णुयेव्ना" करून टाकलं. मावशीला इतकं बोलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. प्रत्येकाला ती आधी एकच प्रश्न विचारते. परतताना बंदर आणि शहर यांच्यामधल्या बोगद्यात मी विचारलं, काय गं विचारत होतीस? म्हणाली, "गाव." मावशीला भूगोलाची आवड आहे हे मला नवीनच होतं.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

आज मावशीचं काही खरं नाही. सकाळच्या बातम्यांत मॉस्कोत रणगाडे दाखवले, त्यांच्याच संसदेवर तोफा डागताहेत. ती सलोनीला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली ती उठेना. जेवली नाही. मी हॉस्पिटलातून आलो तरी तिथेच.

मी समजूत घातली. म्हटलं, मावशी, ज्यांची सत्ता जायची ती दोन वर्षांपूर्वीच गेली, आता पक्षासाठी किती जीव जाळशील?

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी काहीतरी सांडलंय. "पक्षाचं काय घेऊन बसलास? त्या रस्त्यावर माणसं राहतात."

ओळखीचं कोणी आहे का तिथे, असं देवयानीने विचारलं. मावशी म्हणाली, "होते एक गृहस्थ. आता कुठे असतील कोण जाणे." देवयानी आणखी विचारणार होती, पण मी खूण केली. बिचारी आयुष्यभर ज्या विचारावर जगली तो डोळ्यांदेखत कोसळताना पाहायचा म्हणजे सोपं नाही. बीपी तपासलं, जरा चढलंय. लोणचं बंद करतो.

रविवार, २४ ऑक्टोबर

दोन गाड्या गेल्या. गिऱ्हाईक व्हिक्टर, एका मालवाहू बोटीचा इंजिनीअर, राहणारा व्लादिवोस्तोकचा. अस्वलासारखा माणूस, पण हसला की लहान मुलासारखा. ही बोट इथला मासा भरून तिकडे नेते, दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा येते.

सौदा झाल्यावर व्हिक्टर मावशीशी गप्पा मारत होता. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. हातवारे करून तो बहुतेक कुणा मास्तराची नक्कल करत होता, चष्मा नाकावर, बोट वर. मध्येच मावशी टायरच्या ढिगावर मटकन बसली. पाणी मागितलं. मी घाबरलो. तिने हात झटकला, "काही नाही रे, ऊन लागलं." ऊन! लिटलटनला! वारा असा होता की कुशलची टोपी समुद्रात गेली.

घरी येऊन पुन्हा बीपी. वाढलंय. मीठसुद्धा कमी करायला हवं. मेडिकल लवकर उरकायला पाहिजे.

रविवार, ७ नोव्हेंबर

काल इथे निवडणूक झाली आणि कोणालाच धड बहुमत नाही. पण आजचा दिवस मावशीचा. ७ नोव्हेंबर, त्यांच्या क्रांतीचा वाढदिवस. गेले कित्येक दिवस ती गप्प-गप्प आहे. खिडकीशी उभी राहते, वरणाला फोडणी द्यायची विसरते. तिला बरं वाटावं म्हणून मी रिकार्टनच्या बेकरीतून लालभडक आयसिंगचा केक करून आणला. वर विळा-हातोडा काढून दे म्हटलं, तर बेकरीतल्या पोरीने चंद्रकोर आणि स्पॅनर काढला.

मावशीने केक पाहिला आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. दोन तुकडे खाल्ले. "शिऱ्या, तू फार गुणी आहेस. अक्कल जरा कमी आहे, पण गुणी आहेस," म्हणाली. माझी युक्ती लागू पडली म्हणायची. देवयानी मात्र माझ्याकडे विचित्र बघत होती.

रविवार, १४ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. फराळ मावशीने एकटीने केला. चकल्या, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चिवडा. व्हिक्टरची बोट उद्या सुटणार म्हणून त्यालाही फराळ द्यायचा ठरला. इथवर ठीक.

पण मावशीने काढला तो तिचा स्टीलचा मोठा डबा! पुण्याहून आणलेला, जाड पत्र्याचा, कडीचा, बाजूला टिंबाटिंबांनी नाव घातलेला: कु. आशालता वि. केतकर, पुणे, १९८९. मी म्हटलं, अगं, इथे सगळे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून देतात. तो परत मिळाला काय, न मिळाला काय. हा चांगला डबा कशाला घालवतेस?

"तो परत येईल."

"खलाशाकडून?"

"व्हिक्टरसाठी वेगळी पिशवी आहे. डबा तो त्याच्या गावातल्या एकांना नेऊन देणार आहे. त्याच्या मुलीला रात्रशाळेत इंग्रजी शिकवतात ते."

"तू ओळखतेस त्यांना?"

"तेच असतील तर ओळखते."

हे काय उत्तर झालं? त्या गृहस्थांचं नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला हवंय तुला?" व्हिक्टरलाही तिने नाव सांगितलं नाही, त्यालाही विचारलं नाही. बरं, सोबत चिठ्ठी तरी लिही म्हटलं. नको म्हणाली. आपले लोक दिवाळीचा डबा पाठवतात आणि कोणी पाठवला तेसुद्धा सांगत नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहतोय. देवयानी म्हणते, डब्यावर नाव आहे की. आहे, पण देवनागरीत. व्लादिवोस्तोकमध्ये ते कोण वाचणार?

रविवार, ९ जानेवारी १९९४

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. धंदा मंदावलाय. लाडा संपत आल्या. कुशल आता लोकांच्या अंगणात डोकावून बघतो आणि एका आजोबांनी त्याच्यावर पाण्याची नळी सोडली. सलोनी उभी राहते. मावशीची मेडिकल तिसऱ्यांदा पुढे गेली, या वेळी कारण मोरावळा.

गंमत म्हणजे गाडी असो नसो, मावशी रविवारी तयार होऊन बसते. "जरा बंदरावर चक्कर मारू या." मी चिडवलं, डब्याची वाट बघतेस ना? गेला तो डबा. चिडली नाही. "डबा कोणी रिकामा परत देत नाही, म्हणून वेळ लागतो," म्हणाली.

रविवार, २० फेब्रुवारी

डबा आला! व्हिक्टरची बोट सकाळी लागली आणि तो डबा छातीशी धरूनच उतरला. आत वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा आणि रशियन गोळ्या. मी मावशीची जाहीर माफी मागितली.

पण डब्याची वाट लावलीय हो! नावावर कोणीतरी खिळ्याने ओरखडे काढलेत. कस्टमवाल्यांनी केलं की खलाशांनी, कोणास ठाऊक. मी म्हटलं, दे इकडे, कुशल त्याच्या मशीनवर पाच मिनिटांत घासून चकचकीत करून देईल.

"हात लावायचा नाही त्या डब्याला!"

बाप रे! मावशी माझ्यावर अशी ओरडली होती ती मी अकरावीत गणितात नापास झालो तेव्हा. घरी येईपर्यंत डबा मांडीवर, आल्यावर खोलीत. भांड्यांत एवढा जीव असतो बायकांचा, कमाल आहे.

सोमवार, २१ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. आधी हे लिहून टाकतो.

संध्याकाळी देवयानी कामावरून आली, अळंब्या भिजत घालायला तिने डबा घेतला आणि एकदम किंचाळली. मला वाटलं सलोनीने काहीतरी गिळलं. ती डबा उजेडात धरून उभी. ओरखडे नव्हतेच ते. "कु."वर बारीक रेघ मारलेली होती. तिथून एक रेषा बाजूला ओढून, अगदी छापखान्यात प्रुफं तपासतात तशी, तिच्या टोकाला सुरेख अक्षरांत कोरलं होतं: चि. सौ. कां. आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी घालतात ते!

मावशी दारात उभी होती. देवयानीने तिला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि सगळं काढून घेतलं. मी भांडी विसळत होतो, म्हणजे एकच बशी पुन्हा पुन्हा विसळत होतो.

ते मॉस्कोत तिच्या समोरच्या टेबलावर बसायचे. रशियन माणूस, मराठी शिकलेला, हिने केलेल्या भाषांतराची प्रुफं बघायचा. पहिली दोन वर्षं ते फक्त अनुस्वारांवरून भांडले. मग लग्न करायचं ठरलं. परदेशी बाईशी लग्न म्हणजे परवानग्या, चौकश्या, वर्षानुवर्षं. तशात ७९ साली पुण्याहून माझ्या आईचं, नीलिमाचं, दुखणं कळलं. मावशी सहा महिन्यांसाठी म्हणून आली. आई दोन वर्षं अंथरुणावर होती. तोवर मावशीचा परतीचा व्हिसा नाकारला गेला, आणि त्यांनाही मॉस्कोतून कुठेतरी लांब धाडलं एवढं एका मैत्रिणीकडून कळलं. परदेशातून पत्र आलं की त्यांच्यावर आणखी संशय येणार, म्हणून हिने पत्रं थांबवली. कोणाकडे नावही काढलं नाही. "ज्याचं नाव घ्यावं त्याच्यावर बालंट यायचं गं तिथे. मग सवयच लागली. मनातसुद्धा 'ते'च म्हणायचे." व्हिक्टरने सांगितलं की आमच्या गावात एक इंग्रजीचे मास्तर आहेत, स्वल्पविराम चुकला तर पोरांना वर्गाबाहेर काढतात आणि गावात कोणालाच न येणारी एक भारतीय भाषा बोलतात, तेव्हा ती टायरवर बसली.

"म्हणून डबा पाठवलात!" देवयानी म्हणाली. "तेच असतील तर नाव वाचतील. आणि 'कु.' वाचलं की कळेल, अजून..."

"हो," मावशी म्हणाली. "१९८९ सालापर्यंतचं तरी कळेल."

आणि मी तिला क्रांतीचा केक आणून दिला होता.

रविवार, २७ फेब्रुवारी

आठवडाभर भांडणं. खरं तर मी एकटाच भांडतोय.

मी म्हटलं, विचार कर. तिकडून लोक मिळेल त्या वाटेने बाहेर पडताहेत आणि तू तिकडे निघालीस? तिकडे दुकानांत माल नाही, घरांत शेगडी धड पेटत नाही, असं व्हिक्टरच सांगतो. बरं, त्यांनी इथे यावं, तर त्यांची आई म्हातारी आहे, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून ते कायमचे येणार नाहीत.

"येऊही नये," मावशी म्हणाली.

"आणि सलोनी? आणि आम्ही?"

हे मी बोलायला नको होतं. ती शंकरपाळे तळत राहिली. मी बाहेर जाऊन गाडी धुतली, जी काल धुतली होती. मला ती इथे हवी आहे. यात मुलीला सांभाळायचा स्वार्थ आहे, पण तेवढाच नाही. आई गेल्यावर माझं असं दुसरं कोण होतं?

दुपारी डबा पुन्हा व्हिक्टरकडे गेला. शंकरपाळ्यांनी भरलेला. मी बघून घेतलं, प्रश्नचिन्हावर काट मारली होती.

रविवार, १ मे

महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि ते आले.

बोटीला इंग्रजी जाणणारा दुभाषी हवा होता, व्हिक्टरने त्यांना घ्यायला लावलं. उंच, किडकिडीत, जुना ओव्हरकोट, हातात टोपी. साठीला आलेला माणूस पहिल्यांदा बोटीवर चढला आणि व्लादिवोस्तोकपासून लिटलटनपर्यंत ओकत आला, असं व्हिक्टर अभिमानाने सांगत होता. रंग अजून हिरवट होता.

मावशी पुढे झाली. दोघं दोन हात अंतरावर थांबली. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघितलंच नाही दुसरीकडे.

"किती वाळलात," मावशी म्हणाली.

"आपणही," ते म्हणाले.

अरे, पंधरा वर्षांनी भेटताय आणि वजनावर बोलताय! मग मावशी आमच्याकडे वळली. "शिरीष, देवयानी, हे... हे." देवयानी माझ्या कानात म्हणाली, माझी आजी अशीच करायची.

त्यांनी हात जोडले. "माझ्या आगमनाने आपणांस तसदी तर झाली नाही ना? आपला हा प्रदेश फारच रमणीय आहे." असं मराठी मी पाठ्यपुस्तकाबाहेर ऐकलं नव्हतं. मला एकदम शर्टाची बटणं नीट करावीशी वाटली. वडिलांचं नाव आणि आडनाव यांसह पूर्ण नाव त्यांनी स्वतःच सांगितलं आणि ते इतकं लांब होतं की आम्ही "काका" म्हणायचं ठरवून टाकलं. कुशलने त्यांची बॅग उचलली आणि इथल्या बोलीत 'मस्तच' म्हणतात तसं म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, काका!"

"स्वीट अ‍ॅज... काय?" काका थांबून राहिले. "वाक्य अपुरे आहे."

कुशलला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं.

गुरुवार, ५ मे

बोट दुरुस्तीसाठी गोदीत गेलीय, दोन आठवडे तरी हलत नाही. काका रोज येतात. मराठी मंडळाच्या पत्रकातल्या चुका लाल पेनाने काढून झाल्या. सलोनी त्यांच्या चष्म्याशी खेळते, ते तिला "आपण" म्हणतात. माणूस वाईट नाही. हेच तर अवघड आहे, वाईट असता तर बरं झालं असतं.

आज त्यांना एकट्याला गाठलं. वडीलधारं कोणी नाही, म्हणजे चौकशी मलाच करायला हवी. विचारलं, मॉस्कोतून तुम्हाला का काढलं? मावशीला ते कधी नीटसं कळलं नाही.

ते बागेतल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत सांगू लागले. "त्या परत गेल्यावर मला एका खोलीत बोलावण्यात आले. एक निवेदन आधीच टंकलिखित होते. त्यात लिहिले होते की आशालताबाई आमच्या देशाविरुद्ध हेरगिरी करीत होत्या आणि मी ते पाहिले. मी केवळ स्वाक्षरी करावयाची होती. ती केली असती तर मी प्रमुख संपादक झालो असतो."

"मग?"

"मी मुद्रितशोधक. मी म्हणालो, मजकुरात चुका आहेत. चुका असलेल्या मजकुरावर मी स्वाक्षरी करीत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "ते म्हणाले, कोणत्या चुका? मी म्हणालो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

मी आत गेलो आणि कपाटात डोकं घालून उगीच काहीतरी शोधत बसलो. मला रडू आलं होतं, लिहायला लाज कसली.

रविवार, ८ मे

मावशीला गाडीत घालून टेकडीवर नेलं. वरून एका बाजूला शहर, एका बाजूला बंदर. गाडीतच बसलो, बाहेर वारा उभं राहू देत नव्हता.

मी म्हटलं, "तू ७९ साली माझ्यासाठी परत आलीस. मी सोळा वर्षांचा होतो. मला वाटायचं, मावशी आहे, ती येणारच. तू काय सोडून आलीस हे कधी विचारलंसुद्धा नाही."

"तुझ्यासाठी कुठे? नीलिमासाठी आले. तुझं काय, तू वरणभातावर कुठेही वाढला असतास." मग माझ्या केसांतून हात फिरवला. "आले ते बरं झालं. मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. आणि आता जाते, त्याचंही तू वाटून घेऊ नकोस."

"थंडीत गारठशील."

"नऊ हिवाळे काढलेत मी तिथे. तू इथल्या हिटरची खुंटी मोठी करतोस ते बघून हसू येतं मला."

"तिकडे काय खाशील?"

"अळंब्या," मावशी म्हणाली आणि दोघंही हसलो.

कायमच्या वास्तव्याचा अर्ज घरी आल्यावर फाडून टाकला. देवयानीने विचारलं, खरंच? म्हटलं, पुढेमागे काकांच्या आईनंतर दोघांसाठी एकत्र करू. सलोनीला पाळणाघरात ठेवायचं ठरलं. देवयानीने माझ्या पाठीवर थाप मारली, बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

शनिवार, १४ मे

आज मावशीचं लग्न लागलं.

रजिस्ट्रार बाईंनी पाच मिनिटांत उरकलं. मावशी आईच्या डाळिंबी पैठणीत, वर पुन्हा ते कुशलचं जॅकेट, कारण ऐकत नाही. मामा म्हणून मी मागे उभा राहिलो. भाच्याने मामाच्या जागी उभं राहायचं हे कुठल्या शास्त्रात बसतं कोणास ठाऊक, पण मला ती जागा सोडायची नव्हती. काकांच्या बाजूने व्हिक्टर, घट्ट टाय बांधून लालबुंद. तो आमच्या सर्वांपेक्षा जास्त रडला. मावशी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन घर आवरेल आणि तिथून व्लादिवोस्तोकला.

घरी आलो तर देवयानी आधीच पोहोचलेली. सलोनीला कडेवर घेऊन दार अडवून उभी. "नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही!"

"अगं, माझं काय वय आहे का हे?"

"ते चालणार नाही मावशी. नऊ वर्षं भाषांतरं केलीत, एक उखाणा जमणार नाही?"

कुशलने दोन सुचवले, दोन्ही भिकार. व्हिक्टरला काय चाललंय कळत नव्हतं, तरी तो टाळ्या वाजवत होता. मावशी हसत होती. मग हसता हसता गप्प झाली. देवयानीचा चेहरा पडला, ती दारातून सरकायला लागली. तेवढ्यात मावशीने मागे वळून रस्त्याकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणी ऐकत उभं नाही ना, असं. रस्त्यावर कोणी नव्हतं. शेजारच्या अंगणात बाई पानं झाडत होत्या.

"अलेक्सेई," मावशी म्हणाली. अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आलं.

मग जरा मोठ्याने, "अलेक्सेई निकोलायेविच."

आणि मग पुन्हा, इतक्या मोठ्याने की शेजारच्या बाईंनी झाडू थांबवून आमच्याकडे बघितलं आणि हात हलवून "किया ओरा!" असा इथला माओरी नमस्कार केला. यमक नाही, चांदीचं ताट नाही, काही नाही. नुसतं नाव. तीनदा.

काकांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

देवयानी बाजूला झाली आणि आम्ही सगळे आत जेवायला गेलो.